गुलाबी पेला

एकोणीसशे एकोणसत्तरचा तो हिवाळा. बंद पडलेल्या नाट्यगृहाच्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे मफलरात तोंड गुंडाळून, शेजारच्याच्या खोकल्याकडे कान लावून उभे. मंचावर फुंकरवाला. त्याच्या डावीकडच्या तबकात गुलाबी पाण्याचे पेले, उजवीकडच्या तबकातही तसेच.

“फुंका!” तो म्हणायचा. माणूस काचेच्या नळीतून डावीकडच्या पेल्यात फुंकायचा, आणि बघता बघता गुलाबी रंग नाहीसा.

“पाहिलंत? साथ आत बसलीय!” मग जिभेवर एक थेंब. मग उजवीकडचा पेला. आता कितीही फुंका, रंग जागचा हलत नसे. “झालं कवच! आजचा फ्लू, उद्याचा फ्लू, तुमच्या पतवंडांचा फ्लू, सगळ्यांवर एकच थेंब. लसवाल्यांची सुई दर वर्षी शिळी होते, माझा थेंब नाही!”

दुसरीकडे कुणी हसलंही असतं. पण आमचं अर्धं गाव लसीच्या कारखान्यात कामाला. आई तिथे जंतू वाढवायच्या द्रावणाच्या बाटल्या तपासायची. तेही गुलाबीच. रंग पालटला की आत काहीतरी शिरलं, बाटली बाद. इतक्या वर्षांच्या सवयीने आमच्या गावाला रंगाचं म्हणणं खरंच वाटायचं.

शिवाय आमच्या घरात दादाची खोली होती. दादा आदल्या हिवाळ्यात फ्लूने गेला, लस घेऊनही. लस जुन्या विषाणूची होती आणि विषाणूने वेश बदलला होता. त्याचा मफलर खुंटीवर तसाच होता. आईला त्या खोलीतून खोकला ऐकू यायचा. ती पाणी तापवून दाराशी जायची आणि पातेलं धरून उभी राहायची. दार उघडायची नाही. पाणी निवायचं.

दादाची मुलगी चिमी. तिची छाती बापासारखीच नाजूक. माझी ताई कारखान्याच्या संशोधन विभागात होती. तिने चिमीसाठी नवी लस मिळवली, पण आई अडून बसली आणि वहिनी आईपुढे बोलत नसे.

“तुझ्या सुईने माझा मुलगा वाचला का?”

ताई म्हणाली, “नाही वाचला. विषाणू अंगरखा बदलतो, आई. पण आतलं काहीतरी तेच राहतं. ते ओळखणारी लस आम्ही शोधतोय. सापडेपर्यंत दर वर्षीची नवी टोचायची, दुसरा उपाय नाही.”

“तुम्ही शोधताय. त्याला सापडलीय.”

म्हणून आम्ही सगळ्या त्या दालनात. चिमीने फुंकलं. रंग गेला. फुंकरवाल्याने डोळे मिटले. “हिच्या श्वासात कुणी गेलेला माणूस खोकतोय.”

आईने माझा दंड घट्ट धरला. “तोच ना हो?”

“थेंबाने शांत होईल. सुई टोचलीत तर मात्र आतच अडकेल, कायमचा.”

दालनात कुणी खोकेना. मलाही, खरं सांगते, तेव्हा खोकला ऐकू आला.

ताई दारातल्या विक्रेत्याकडून सोडावॉटरची बाटली घेऊन मंचावर चढली. “आई, कामावर बाटलीचा रंग पालटला, तर शेजारी कुठली ठेवून बघतेस?”

“कोरी,” आई सवयीने म्हणाली. “जिच्यात काही घातलेलं नाही अशी. तुलनेला.”

“इथे कोरी कुठाय?”

“अहो बाई, खाली उतरा!” फुंकरवाला ओरडला. ताईने डावीकडच्या पेल्यात सोडा ओतला. रंग गेला.

“अरेरे, सोड्यालाही फ्लू!” ताई म्हणाली.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. “थेंब पाजा त्याला!”

हसू पसरत असताना आई मंचावर गेली. “उजवीकडचा दे. थेंबाशिवाय.” तिने दम संपेपर्यंत फुंकलं. पाणी गुलाबीच राहिलं.

ताईने समजावलं. रंग जुलाबाच्या गोळीतल्या औषधाचा, धुण्याच्या सोड्यात गुलाबी होणारा. उच्छ्वासातल्या वायूने पाणी किंचित आंबट होतं आणि रंग मरतो; सोडावॉटरमध्येही तोच वायू. डावीकडे धुण्याचा सोडा चिमूटभर, उजवीकडे भरपूर. तिथे कुणाचीच फुंकर पुरत नाही, निरोग्याचीही नाही आणि आजाऱ्याचीही नाही.

“मग तो?” आईने विचारलं. “माझा मुलगा?”

“दादा कुठल्याच पेल्यात नाही, आई.”

आई चिमीचा हात धरून थेट कारखान्याच्या दवाखान्यात गेली.

फुंकरवाल्याने गाव सोडलं. पुढच्या हिवाळ्यात तो शेजारच्या गावी ताई लस टोचत होती, त्या रांगेत दिसला, कॉलर वर करून. ताईने त्याला निमूटपणे टोचलं. सगळ्या फ्लूंवरची एक लस ताईला सापडली नाही. ताई वारली, पण शोध अजून चालू आहे. वहिनी पुढे कारखान्यात आईच्या जागी लागली. चिमी आता स्वतः आजी आहे. दर वर्षी दंड पुढे करून माझ्यापाशी कुरकुरते, “आत्या, कधी निघणार गं ती एकच सुई?”

आई शेवटपर्यंत तो खोकला ऐकत राहिली. त्या दिवसानंतर मात्र ती पातेलं खाली ठेवून दार उघडायची, खोली पाहायची आणि परत यायची. आता तो खोकला मला ऐकू येतो. मीही उठून दार उघडते. तुम्हाला कुणी चमत्कार दाखवला, तर एवढंच करा. कोरा पेला मागा, आणि दार उघडून बघा.