कुंड्यांच्या आड

धाकटीने कुंपणालगतच्या वाफ्यात हातानेच खड्डा उकरला, आणि कोपरापर्यंत हात जायच्या आतच तळाशी पाणी साचलं. बोट बुडवून तिने जिभेला लावलं. खारट! आग लागो मेल्या पाण्याला.

गुलाबांची ही रोपवाटिका दोघी जावांची. पण कुंपणाकडची मोठी झाडं तोडायचा हट्ट एकट्या धाकटीचा. "आपल्या वाटचं पाणी हीच ढोसतात," म्हणत तिने ती तोडवली. थोरलीने तेव्हा हूं की चूं केलं नाही. मग जमिनीखालचं खारं पाणी हळूहळू वर आलं, मातीवर पांढरी खपली धरली, गुलाबांची पानं कडेने करपली. जागा विकायची आणि थोरलीने लेकीकडे जाऊन राहायचं, असं आता ठरल्यातच जमा होतं.

उठताना धाकटीने शेजारच्या, तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावरचा कोवळा कोंब मोडून टाकला. कलमी गुलाबाला बुडातून जंगली फुटवा आला की तो मोडायचा, ही हाताला लागलेली सवय. तोडलेल्या झाडांचे कोंबही ती तशीच रोज मोडत आली होती.

"ताई, शेडमागच्या कुंड्या काढायला घेते. विकायच्याच आहेत."

"त्या राहू दे गं," थोरली घाईने म्हणाली. "माझा पसारा आहे तो."

"पसारा कसला, डोंगर झालाय नुसता!"

धाकटी तरातरा शेडमागे गेली. फुटक्या कुंड्यांची छातीएवढी भिंत ओलांडून तिने पाऊल टाकलं आणि थबकली. पायाखालची खाऱ्या खपलीची करकर थांबली होती.

माती काळीभोर होती. मधोमध तोडलेल्या झाडांपैकीच एक बुंधा, आणि त्याचे फुटवे शेडच्या पत्र्याला टेकलेले. खाली सावलीत, तिनेच मेले म्हणून फेकलेले गुलाब ओळीने लावलेले. हिरवेगार! एकाला तर कळी.

ती खाली बसली. माती उकरत गेली. खांद्यापर्यंत हात गेला तरी बोटांना गार मातीच लागत होती, पाणी नाही. झाडं आपलं पाणी पीत नव्हतीच. खालचं ते खारं पाणी पिऊन पिऊन ती त्याला खालीच ठेवत होती. इतकी वर्षं, आवाज न करता.

मागे थोरली येऊन उभी होती.

"हा एक बुंधा तुझ्या नजरेतून सुटला होता," ती चोरी पकडल्यासारखी म्हणाली. "म्हटलं, असू दे."

धाकटी उठली. चार कुंड्या उचलून ती कुंपणाकडे निघाली.

"अगं, कुठे नेतेस त्या?"

मघाच्या बुंध्यापाशी मोडलेला कोंब अजून टवटवीत पडला होता. धाकटीने बुंध्याभोवती कुंड्या मांडल्या.

"पसारा मांडतेय," ती वर न बघता म्हणाली. "आणि लेकीकडे जायचं नाव काढू नका आता. एवढ्या बुंध्यांना मी एकटी पुरणार आहे का?"