श्रुती जुळेपर्यंत

मी एक जुना ऑसिलेटर आहे. मित्रांनो, नाव अवघड असले तरी काम सोपे आहे. माझ्या दर्शनी बाजूची चकती फिरवली की मी एक स्वर काढतो आणि चकती पुन्हा हलेपर्यंत तोच काढत राहतो. मी गातो असे कोणी म्हटले तर मानू नका. मी कंप निर्माण करतो. उरलेले काम लाउडस्पीकरचे आणि तुमच्या कानांचे.

माझा जन्म बेंगळुरूच्या एका लहान कारखान्यात झाला. करड्या पत्र्याची पेटी आणि आत काचेचे व्हॉल्व्ह, एवढाच माझा देह. एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी आलो, तेव्हा शहराचे नाव म्हैसूर होते आणि राज्याचेही म्हैसूरच. पुढे राज्याचे नाव कर्नाटक झाले. माझ्या कंपनसंख्येत त्यामुळे फरक पडला नाही.

मुले माझ्या मदतीने हवेतील ध्वनीचा वेग काढत. उत्तर चुकले की दोष माझ्यावर येई, आणि कधीकधी तो योग्यही असे, कारण व्हॉल्व्ह पुरते तापेपर्यंत माझा स्वर किंचित सरकतो. प्रयोगशाळेत शिकवणारे व्यासराज सर हे जाणून होते. तासाच्या बरेच आधी ते मला सुरू करून ठेवत. एकदा त्यांनी मला वर्गासमोर ‘भरवशाचा’ म्हटले. सर हा शब्द माणसांसाठीही जपून वापरत. मग आकडे दाखवणारी नवी यंत्रे आली आणि मी कपाटाखाली गेलो. धूळ साचली, पालीने अंडी घातली. भंगाराच्या यादीत माझे नाव चढले, तेव्हा सरांनी रीतसर परवानगी घेऊन मला आणि माझ्याहून तरुण अशा एका ट्रान्झिस्टरच्या ऑसिलेटरला सरस्वतीपुरमच्या आपल्या घरी आणले.

तेथे माझे खरे आयुष्य सुरू झाले.

सरांची मुलगी तुंगा शहराबाहेर बेळगोळच्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सची अभियंता होती. एका मैत्रिणीने तिला काही कॅसेट दिल्या होत्या. त्यांत गायक नव्हता, राग नव्हता, ताल नव्हता. नुसते यंत्रांचे स्वर होते. ती डोळे मिटून त्या पुन्हा पुन्हा ऐके. सरांनी विचारले, हे संगीत आहे याला पुरावा काय?

“ऐकून बघा की, अप्पा.”

“मी ऐकणं हा पुरावा नव्हे. ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं, तो पुरावा.”

तुंगाने आम्हा दोघा ऑसिलेटरांसाठी एक रचना केली. तिचे तत्त्व तुम्हीही पडताळून पाहू शकता. दोन स्वर एकमेकांच्या अगदी जवळ आले की त्यांचा मिळून एकच आवाज होतो आणि तो डोलू लागतो: मोठा, लहान, मोठा, लहान. अंतर कमी होईल तसे डोलणे संथ होते. अंतर मिटले की थांबते. पुस्तकात याला विस्पंद म्हणतात. माझा जोडीदार एका स्वरावर स्थिर राही आणि तुंगा मला हळूहळू त्याच्याकडे नेई, थोडे उरले असता परत फिरवी, मग दुसऱ्या बाजूने आणी. इतकी वर्षे मी फक्त मोजला गेलो होतो. आता कोणीतरी माझ्या चकतीच्या केसभर हालचालीकडे श्वास रोखून लक्ष देत होते.

चामराजपुरमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात तिला वेळ मिळाला. मंडळाचे चिटणीस गंगाधरराव आणि वीणा शिकवणाऱ्या वेदवतीबाई पुढच्या रांगेत बसले. आमचे स्वर सुरू झाले आणि सभागृहात गप्पा सुरू झाल्या. प्रसाद काय आहे, कोणाच्या मुलाचे कोठे ठरले, सगळे बोलून झाले. म्हैसूरच्या श्रोत्याला हे शोभणारेच होते. गाण्याआधी श्रुती, म्हणजे आधारस्वर, जुळवतात हे त्याला ठाऊक असते, आणि तोवर बोलण्यास हरकत नसते. तुंगाने आम्हाला बंद केले, तेव्हा गंगाधरराव मराठीत कानडी मिसळत प्रसन्नपणे म्हणाले, “सरी, ठीक, श्रुती जुळली. मत्ते, मग गाणं कधी?”

“झालं, काका,” तुंगा म्हणाली.

घरी येऊन तिने भंगारवाल्याला रविवारी यायला सांगितले. “त्यात काही नव्हतंच, अप्पा. असतं तर एकाला तरी ऐकू आलं असतं.”

सर चष्मा पुसत होते. “प्रयोगाच्या एकाच वाचनावर निष्कर्ष काढायला मी तुला कधी शिकवलं?”

रविवारी सकाळी सरांनी गंगाधरराव आणि वेदवतीबाईंना कॉफीला बोलावले. मला तासभर आधीच तापत ठेवले होते. कॉफीनंतर त्यांनी दोघांना पाठीला पाठ लावून बसवले, म्हणजे एकाचा हात पाहून दुसऱ्याने उचलायला नको. सूचना एकच होती: ही श्रुतीच आहे असे समजा, दोन्ही स्वर पूर्ण जुळले की हात वर करा. रचना तीच, क्रम तोच. बदलले होते फक्त श्रोत्यांचे काम.

गंगाधररावांनी मांडी घट्ट घातली. मी जोडीदाराकडे सरकू लागलो. आवाज थरथरला, मग डोलू लागला, मग त्याचे डोलणे लांबत गेले. गंगाधररावांचा हात खांद्यापर्यंत आला. तुंगाने मला परत फिरवले. हात खाली गेला.

“अय्यो,” ते पुटपुटले.

“बोलू नका, अजून हलतंय ते,” वेदवतीबाई मागे न पाहता म्हणाल्या.

रचना पुढे गेली तसे दोघे पुढे झुकत गेले. बाहेर स्कूटर गेली, तर वेदवतीबाईंनी आवाजाच्या दिशेने रागाने पाहिले. आता डोलणे इतके संथ झाले की एक लाट उतरून दुसरी येईल की नाही, हे कळेना. माझे व्हॉल्व्ह लालसर तापले होते आणि तुंगाची बोटे चकतीवर जवळजवळ निश्चल होती. शेवटची लाट आली, पसरली आणि परतलीच नाही. दोन्ही हात एकाच क्षणी वर गेले. तुंगाने आम्हाला बंद केले.

सरांनी ते दोन हात पाहिले, मग मुलीकडे पाहिले.

“मधे एकदा इतकं जवळ आणून का सोडलंस गं?” गंगाधररावांनी हात खाली घेत विचारले. “जीव खालीवर झाला.”

“त्यासाठीच सोडलं, काका.”

“सरी. मत्ते परत लाव. या वेळी हात वर करणार नाही, नुसता ऐकतो.”

भंगारवाला आला, तेव्हा आमची दुसरी फेरी चालू होती. सरांनी त्याला दारातूनच हाताने थांबवले आणि बसायला खुर्ची दिली.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रे तुमच्या शाळेत असतील, तर त्यांची धूळ पुसा आणि काम सांगण्याआधी त्यांना तापायला वेळ द्या. न समजणारा आवाज कानी पडला, तर तो चांगला आहे असे माझ्या सांगण्यावरून मानू नका. त्यात काय बदलते आहे तेवढे शोधा, आणि निदान तो संपेपर्यंत गप्प बसा.