मधल्या सीटचे बोल्ट

गॅरेजवाल्याने सीटच्या चौथ्या बोल्टवर पाना बसवला आणि जोर लावायच्या आधीच तो दमला. सकाळपासून तीन निघाले होते, तेही नाकीनऊ आणून. संध्याकाळपर्यंत बायकोला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. तिचं अर्धं अंग गेलेलं, उचलून सीटवर बसवणं जमत नव्हतं. व्हॅनची मधली सीट निघाली तरच तिची चाकाची खुर्ची फळीवरून थेट आत जाणार होती.

पुढे बसलं की समोरची प्रत्येक गाडी अंगावर येते, म्हणून ती कायम याच सीटवर बसायची. तिची जागा कधी काढावी लागेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. गिऱ्हाइकांच्या गाड्यांचे बोल्ट तो तारेच्या ब्रशने घासून, ग्रीस लावूनच बसवायचा. या चारांना मात्र त्याने कधी हात लावला नव्हता, आणि गाडी धुताना पाणी नेमकं तिथेच साचत आलं होतं.

"भाऊजी, लोकांच्या बोल्टांचे लाड आणि घरचे उपाशी," मेहुणा म्हणाला. बहिणीच्या काळजीने त्याचाही चेहरा उतरला होता, पण जीभ काही गप्प बसत नव्हती. "हाणू का हातोडा?"

"तुटला तर रात्र इथेच जाईल. थांब जरा."

त्याने गंजावर पुन्हा तेल सोडलं आणि ते मुरेपर्यंत तिथेच टेकून बसला. मग बोल्ट आधी किंचित आवळला, मग सैल केला. पुन्हा आवळला, पुन्हा सैल. खांदे भरून आले. अखेर करकरत तो फिरला.

सीट बाहेर आल्यावर त्याने चारही बोल्ट लख्ख घासले, ग्रीस लावलं आणि रिकाम्या भोकांत परत पिळले.

"आता कशाला?" मेहुण्याने विचारलं. "ती आता पुन्हा सीटवर बसायची नाही, डॉक्टर म्हणाले ते ऐकलंत ना?"

"ऐकलं. आटे गंजायला नकोत."

सीट त्याने घरी न्यायला व्हॅनच्या मागच्या बाजूला आडवी ठेवली.

दवाखान्यातून परतताना बायको मोकळ्या जागेत खुर्चीवर होती, मेहुणा खुर्ची घट्ट धरून. तिने मान वळवून मागची सीट पाहिली.

"अहो," शब्द जुळवत ती म्हणाली, "वाटेत भंगारवाला आहे. देऊन टाका. घरात अडगळ नको."

भंगाराचं दुकान आलं. त्याने वेगही कमी केला नाही.

"दुकान मागे राहिलं," ती म्हणाली.

"राहू दे," तो म्हणाला.