दोन्ही हात वर

“थांब! अरे थांब, थांब, थांब!”

नोरीनने दोन्ही हात डोक्यावर नेले. दोन्ही हात वर म्हणजे थांब, उजवा हलला की उजवीकडे, डावा हलला की डावीकडे. गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, म्हणजे पहिली कॅरव्हॅन, घेतली तेव्हापासून नवराबायकोच्या या खुणा ठरलेल्या होत्या आणि त्या कधी चुकल्या नव्हत्या. आज मात्र क्लिफने आरशात बघत गाडी मागे घेतली ती घेतलीच. कॅरव्हॅनचा मागचा कोपरा पाण्याच्या नळावर कडकन आदळला. नळ वाकडा झाला आणि पाणी उडायला लागलं.

समुद्राकाठच्या त्या कॅम्पवर करमणुकीला दुसरं काही नव्हतं. कुणाची कॅरव्हॅन मागे घ्यायची असली की आजूबाजूची म्हातारी मंडळी चहाचे मग घेऊन आपापल्या खुर्च्यांत येऊन बसत. शेजारच्या आयव्हरने तर टाळ्या वाजवल्या.

“वा क्लिफ! सगळ्यांच्या आंघोळीची सोय केलीस की!”

क्लिफ खाली उतरला. जन्मभर डॉनकास्टरच्या रस्त्यांवर बस चालवलेला माणूस. त्याच्या बसला कधी पोचा आलेला नोरीनला आठवत नव्हता. तो लालबुंद झाला होता.

“तू हात नाही केलास,” तो म्हणाला.

“मी? अरे, दोन्ही हात वर होते माझे! आख्ख्या कॅम्पने बघितले!”

“मला दिसले नाहीत.”

“बघितलंस तर दिसतील ना! चोराच्या उलट्या बोंबा.”

पलीकडे जाऊन त्याने दुसरं दार उघडलं, गुडघ्यांवर बसला आणि नोरीनच्या सीटवर बसलेल्या कुत्रीला कुशीत घेतलं.

“घाबरलीस का गं राणी? नाही ना? बाबाचं चुकलं हं. बाबा मूर्ख आहे.”

नोरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिजली होती नोरीन आणि माफी मिळत होती क्वीनीला.

लोकांची सवत दोन पायांची असते, हिची चार पायांची होती. पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, एक कान उभा, एक पडलेला. क्लिफ निवृत्त झाला त्या वर्षी तो तिला बेवारस कुत्र्यांच्या आश्रमातून घेऊन आला. तोवर नोरीनची समजूत अशी, की आपला नवरा अबोल आहे. काहींना मिशी असते, काहींना नसते, तसंच हेही. शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकून ती घरी यायची, तेव्हा त्याची मिठाची गुळणी तिला एका परीने बरीच वाटायची. पण क्वीनी आली आणि या माणसाच्या तोंडाला पाझर फुटला. हवापाणी, फुटबॉल, त्याच्या आईचं शेवटचं आजारपण, सगळं सगळं तो त्या कुत्रीला सांगायचा. आईच्या आजारपणाबद्दल नोरीनने विचारलं होतं तेव्हा तो “हूं” म्हणाला होता.

म्हणून तर ही सुट्टी तिने ठरवली होती. क्वीनीला लेकीकडे ठेवायचं, दोघांनीच जायचं आणि या माणसाला आपल्याशी बोलायला लावायचं. लेक तयार होती. क्लिफ म्हणाला, “ती नाही तर मी नाही.” म्हणजे तिघं आली.

पुढचे दिवस नोरीन नुसती धुमसत होती. सकाळी तो चहा ओतायचा तो अर्धा बशीत. का, तर लक्ष कुत्रीकडे. आवडतं शब्दकोडं त्याने उघडलंसुद्धा नाही. का, तर कुत्रीला फिरवायचं होतं. सगळ्यात जिव्हारी लागायचं ते असं, की ती बोलायला लागली की हा तिच्या तोंडाकडे बघायचाच नाही. नजर तिच्या खांद्यापलीकडे, आणि तिथे नेमकी क्वीनी शेपटी हलवत उभी.

“इकडे बघून बोल ना,” ती म्हणायची.

“बघतोय की.”

“मला बघतोयस की तिला?”

“काय लावलंयस हे, नोरीन!”

एक दिवस मात्र बरा गेला. गावातल्या मासे-बटाट्याच्या दुकानात रांगेत उभे असताना भिंतीवरच्या पदार्थांच्या फळ्याकडे बघून क्लिफ म्हणाला, “तूच सांग. तुला आवडेल ते आज मी खाईन.” एवढ्या वर्षांत त्याने हॅडॉक सोडून दुसरा मासा मागितला नव्हता. नोरीन मनातून इतकी सुखावली की तिने क्वीनीसाठीसुद्धा एक सॉसेज घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला होता. क्लिफ आधी पुढे गेला, वाळूत काठ्या ठोकून त्यांच्यावर ताणलेला तो पट्ट्यापट्ट्यांचा कापडी आडोसा उभा करायला. तो उभारल्याशिवाय त्या किनाऱ्यावर कुणी बसूच शकत नाही. नोरीन चहाचा थर्मास आणि आल्याची बिस्किटं घेऊन मागून आली. कापडाच्या पलीकडून त्याचा आवाज आला आणि ती जागीच थांबली. हसत होता, हळूहळू बोलत होता. तिच्याशी बोलताना कधी न काढलेला तो आवाज होता. ऐकायचं नाही असं ठरवून ती ऐकत राहिली.

“…मधोमध धुकं, राणी. कडेकडेचं दिसतं. आधी एका डोळ्यात होतं, आता दोन्ही. डॉक्टरणीने स्वच्छ सांगितलं, गाडीला हात लावायचा नाही. आणि मी तुम्हा दोघींना इथवर घेऊन आलो. शहाणाच ना मी! रस्ताभर जीव मुठीत होता. त्या दिवशी आरशात बघितलं तर कॅरव्हॅन दिसते, झाडं दिसतात, आणि ती जिथे उभी तिथे नुसतं राखाडी. हात कुठले दिसायला! आणि वर तिलाच बोललो.”

क्वीनी कुंई करून काहीतरी म्हणाली.

“कसं सांगू तिला? वर्षभर या आठवड्याची वाट बघते ती. गाडी गेली की हेही गेलं. काल फळ्यावरचं एक अक्षर वाचता आलं नाही. म्हटलं, तू सांग. तर काय खुलली बिचारी! तिचं तोंड बघायचं म्हणजे मला बाजूला बघावं लागतं गं, आणि ती चिडते.”

नोरीनला आधी दया यायला हवी होती. खरं सांगायचं तर आधी आला तो मत्सर. हेसुद्धा हिला! डोळे जातायत या माणसाचे आणि तेही आधी कुत्रीला कळलं! थर्मास त्याच्या डोक्यात घालावा असं तिला वाटलं. मग ते कालचं सॉसेज आठवलं. ती होती तिथेच वाळूत बसली.

थोड्या वेळाने ती मुद्दाम खोकत पलीकडे गेली. क्लिफने मान वळवली आणि तिच्या खांद्याच्या जरा बाजूला बघितलं. या वेळी तिने मागे वळून कुत्रीला शोधलं नाही.

“काही सांगायचंय का मला?” तिने चहा ओतत विचारलं.

“नाही. काय सांगायचंय?”

“बरं.”

स्वतःहून ती काढणार नव्हती. एवढं एक तरी त्याने आपणहून मला सांगावं, तिला नाही, हा हट्ट तिने धरला. निघायच्या सकाळपर्यंत तिने ताकास तूर लागू दिली नाही. पण एक मनाशी पक्कं केलं होतं. हा जर न बोलता स्टीअरिंगवर बसला, तर किल्ली हिसकावून घ्यायची, मग चारचौघांत तमाशा झाला तरी चालेल.

सकाळी आवराआवर झाली. आता गाडी मागे घेऊन कॅरव्हॅनच्या दांडीला जोडायची होती. मंडळी मग घेऊन बाहेर आलीच. आयव्हर ओरडला, “नळ सांभाळ रे, क्लिफ!”

क्लिफ किल्ली घेऊन दाराशी गेला. हात दाराच्या कडीवर ठेवून उभा राहिला. नोरीन चार पावलांवर हाताची घडी घालून उभी होती.

तो वळला, गुडघे टेकून खाली बसला आणि क्वीनीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. बोलला मात्र मोठ्याने.

“राणी, तुझ्या आईला विचार. गाडी ती घेईल का? म्हणावं, बाबाला मधलं दिसत नाही आता. कधीचं दिसत नाही. सांगायला हवं होतं, जीभ रेटली नाही.”

मंडळींनी तोंडाशी नेलेले मग खाली घेतले. नोरीनशी तो अजूनही बोललाच नव्हता, आणि सगळं सांगूनही मोकळा झाला होता. यापलीकडे त्याला येणार नव्हतं, हे तिला त्या क्षणी कळलं.

ती पुढे झाली आणि कुत्रीपाशीच वाकली.

“क्वीनी, तुझ्या बाबाला सांग, आई बाजाराला जाते तेवढीच गाडी चालवते. हे धूड मागे लावून कधी नेलं नाही. त्याने नीट हात केले तर जमेल.”

“जमेल,” क्लिफ म्हणाला. “हळू घे. घाई नको करूस.”

त्याने किल्ली तिच्या हातात दिली. ती स्टीअरिंगवर बसली. शेजारच्या सीटवर, एरवीच्या नोरीनच्या जागी, क्वीनी उडी मारून बसली आणि दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

“बस आता,” नोरीन म्हणाली. “आपल्याला दोघींना मिळूनच बघायचंय त्याच्याकडे.”

तिने आरसा आपल्याकडे वळवला. मागे, कॅरव्हॅनच्या दांडीवर एक हात ठेवून क्लिफ उभा होता. मान जरा तिरकी, कडेने बघणारी. त्याने उजवा हात हलवला. तिने गाडी उजवीकडे घेतली. डावा हलवला, तिने डावीकडे घेतली. मग त्याने दोन्ही हात वर केले, ताठ, डोक्याच्याही वर.

गाडी आणि दांडी यांच्यात अजून चांगलं हातभर अंतर होतं, नोरीनला ते आरशात दिसत होतं. आयव्हर काही बोलायला उठला, पण तसाच परत बसला.

नोरीनने गाडी थांबवली.