खाडी पायरीशी आली, तेव्हा

यावर तुमचा कुणाचाच विश्वास बसणार नाही, असं श्यामसुंदर सरांनी आधीच जाहीर करून टाकलं. बेलापूरच्या शाळेत अकरा वर्षं मुख्याध्यापकी करून ते आज निवृत्त होत होते. सत्त्याण्णवचा एप्रिल संपत आला होता. शिक्षकांच्या खोलीत निरोपाचे सामोसे फिरत होते, सरांच्या बशीतला मात्र तसाच होता.

त्यांच्या खिशात सुनीतीबाईंचा राजीनामा होता. भूगोलाच्या सुनीतीबाई. सोमवारपासून जवळच्याच एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून रुजू होणार. सरांनी सही केली नव्हती. जाण्याआधी तो कागद बाईंच्या हातात परत ठेवायचा होता. पण ‘राहा’ म्हणायला जीभ रेटेना. अकरा वर्षं तिला फक्त हुकमाचीच सवय. म्हणून मग त्यांनी गोष्ट काढली.

"ब्याण्णव साली सुनीतीबाई सातवीला भरती-ओहोटी शिकवत होत्या. असं शिकवलं, असं शिकवलं, की खाडी उठून थेट शाळेच्या पायरीशी आली. आपल्या भैरूच्या चपला वाहून गेल्या. विचारा त्याला."

"एक वाशीला घावली," दाराशी उभा असलेला भैरू शिपाई म्हणाला. "दुसरी अजून नाय."

"आणि मासे, सर?" मालतीबाईंनी विचारलं.

"आले ना. मी हजेरी घेतली. दोघं उशिरा आले, त्यांच्या नावापुढे लाल शेरा."

खोलीभर हशा पिकला. सुनीतीबाईसुद्धा हसल्या. सरांना आठवलं, हे हसू त्याच वर्षी गेलं होतं. तासाआधी टाचणवही दाखवायची, तिच्यात लिहिलंय तेवढंच शिकवायचं, असा त्यांनी फतवा काढला होता. तेव्हापासून बाई वही समोर धरून वाचून दाखवायच्या. वहीत एक चूक नसे. वर्गात एक हात वर होत नसे.

आत्ता हसल्यात, तर आत्ताच. सरांचा हात खिशाकडे गेला.

"मी तर रोज तुमच्या वर्गाच्या खिडकीशी उभा राहायचो, बाई. नुसता ऐकायला."

बाईंनी बशी खाली ठेवली.

"खाडी आली होती, सर. मासेही आले असतील," त्या हळूच म्हणाल्या. "पण तुम्ही ऐकायला नव्हता उभे. वहीशी ताडून बघत होता. हे मात्र खोटं सांगितलंत."