मष्णू कुत्र्याला भितो

यशोदाबाईंच्या पहिल्या तीन कादंबऱ्यांत नायकाला साधं पडसंसुद्धा झालं नव्हतं. तिघेही गोरे, तिघेही उंच, तिघांच्याही छात्या दारात मावणार नाहीत इतक्या रुंद. घोड्यासकट नदीत उडी घ्यायची आणि पलीकडच्या काठाला निघताना फेटा कोरडा ठणठणीत! नायिकांना चाफेकळी नाक आणि मूर्च्छा यांपलीकडे फारसं काही दिलेलं नसे. वाचक खूश होते, पुण्याचे प्रकाशक त्याहून खूश होते. पण चौथ्या कादंबरीला बसल्या आणि बाईंना आपल्याच नायकाचा कंटाळा आला.

"ह्या माणसाशी दोन शब्द बोलावेत असं मला वाटत नाही हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "राजकन्येला का वाटावं?"

"मग दुसरा माणूस घे," हरिभाऊ सहज बोलून गेले.

हरिभाऊ बेळगावच्या कोर्टात वकिली करत. सल्ला द्यायचा आणि मग त्या सल्ल्याचे परिणाम आठवून आठवून झोप घालवायची, हा त्यांचा स्वभाव. इथंही तेच झालं. बाईंनी दुसरा माणूस घेतला, आणि तो घेतला थेट सरहद्दीच्या नाक्यावरचा. कोल्हापूर संस्थानातून चोरटी दारू यायची ती अडवणारा एक शिपाई. त्याचं नाव मष्णू.

"मष्णू?" हरिभाऊंच्या हातातला पानाचा विडा तोंडाशी थांबला. "अगं, नायकाचं नाव मष्णू कुणी ठेवतं का?"

"त्याच्या आईनं ठेवलंय."

मष्णू निधड्या छातीचा होता, फक्त कुत्र्याला भ्यायचा. कुत्रं दिसलं की जवळचं झाड गाठायचा. त्याची नायिका राजाबाई शर्यतीत बैलगाडी हाणणारी, कुणाच्या बापाचं न ऐकणारी, पण उठता-बसता खोटं बोलणारी. बाईंनी मुलींच्या शाळेत शिकवून उरलेल्या वेळात अर्धी कादंबरी लिहून काढली. इतकं भराभर त्यांनी आजवर लिहिलं नव्हतं. एकदा तर लिहिता लिहिता त्या एकट्याच हसल्या आणि चुलीवरची आमटी उतू गेली.

अशात निपाणीच्या एका वाचनालयाचं निमंत्रण आलं. वैशाखातल्या व्याख्यानमालेत बाईंनी 'माझ्या नव्या कादंबरीतली माणसं' या विषयावर बोलावं. साल एकोणीसशे छत्तीस. बाई शाळेबाहेर कधी बोलल्या नव्हत्या आणि निपाणीला कधी गेल्या नव्हत्या. त्यांनी लगेच होकार कळवला. हरिभाऊ सोबतीला निघाले, म्हणजे काळजी करायला निघाले.

"कुणाचं नाव घेऊ नकोस," काकती गाव मागे पडल्यावर सर्व्हिस मोटरीत त्यांनी सुरुवात केली. "अब्रूनुकसानीचा दावा कुठून उपटेल सांगता येत नाही."

"अहो, ती माणसं माझ्या डोक्यातली आहेत. दावा कोण लावणार, मष्णू?"

संकेश्वरला मोटर तापली म्हणून ड्रायव्हरनं तिला पाणी पाजलं, तेवढ्यात हरिभाऊंनी आणखी दोन धोके शोधून काढले. तवंदीचा घाट उतरेपर्यंत बाईंना डुलकी लागली होती.

सभा एका तंबाखूच्या वखारीत होती. वखार झाडून, सडा घालून, जाजमं अंथरून ठेवली होती. तरी भिंतीत मुरलेला तंबाखूचा वास कुठं जाणार? पाहुणे आत शिरले आणि हरिभाऊंनी ज्या शिंका सुरू केल्या त्या सत्काराचा हार गळ्यात पडेपर्यंत चालल्या. वखारीचे मालक आण्णाप्पा हेच अध्यक्ष. भारदस्त माणूस, डोक्याला जरीचा रुमाल, कानात भिकबाळी. एका बाजूला पुरुष बसले होते. दुसऱ्या बाजूला बायका, त्यांत वखारीतल्या तंबाखू कुटणाऱ्या बायकाही पदर सावरून आल्या होत्या. पुढच्या रांगेत पोलिसचौकीचे नागोजी जमादार मिशांना तेल लावून ताठ बसले होते.

बाई उभ्या राहिल्या. वर्गात चाळीस मुली असल्या तरी त्या आपल्या असतात, इथं सगळेच परके. त्यांनी मनाशी म्हटलं, मष्णूबद्दल बोलूया, तो ओळखीचा आहे.

"माझा नायक नाक्यावरचा शिपाई आहे," त्यांनी सुरुवात केली. "नाव मष्णू."

सभा खदखदून हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "आमच्या गल्लीतबी हाय एक!"

"असणारच," बाई म्हणाल्या, आणि त्यांना धीर आला. "माझा मष्णू मोठा शूर आहे. चार चोरटे एकटा अडवतो. कोयता अंगावर आला तर मागं सरत नाही. पण त्याच्यात एक खोट आहे. तो कुत्र्याला भितो."

हसू एकदम थांबलं. मग पुरुषांच्या बाजूनं एक फिस्स झालं, दुसरं झालं. बाईंना दिसलं ते असं, की सगळ्यांच्या माना हळूहळू पुढच्या रांगेकडं वळताहेत. नागोजी जमादारांचा चेहरा मिशांसकट तांबडा झाला होता. हरिभाऊंनी खुर्चीवरून खूण केली. बाईंना वाटलं, शिंक येतेय.

"कुत्रं दिसलं की तो झाडावर चढतो," त्या पुढं म्हणाल्या. "झाड नसेल तर मिळेल त्याच्यावर."

आता वखारीचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. बाई खुलल्या. हशा आपल्या बोलण्याला आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी राजाबाईला पुढं आणलं. ती गाडी कशी हाणते, बैलांशी कशी बोलते, ते सांगितलं. "आणि ती खोटं बोलते. कुणाला लुबाडायला नाही. उगीच. कुठून आलीस विचारलं तर उत्तरेला जाऊन आलेली दक्षिण सांगेल. जेवलीस का विचारलं तर उपाशी असून ढेकर देईल."

बायकांच्या बाजूला गलका झाला. "मनुबाई! आगं मनुबाई, तुझंच की गं!" एक सावळी, हाडापेरानं मजबूत बाई मधोमध बसली होती, तिला चारी बाजूंनी कोपरं बसत होती. मनुबाई विधवा होती. नवऱ्यामागं त्याच्या दोन बैलगाड्या तीच चालवी, वखारीतल्या तंबाखूची बोंद्री, म्हणजे गोणपाटात बांधलेली गाठोडी, तीच वाहून नेई. "मी? मी जन्मात खोटं बोलले न्हाय," ती ठणकावून म्हणाली, आणि बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या.

तोवर बाईंच्या ध्यानात आलं होतं, की इथं आपल्याला न कळलेलं काहीतरी चाललंय. पण बोलणं थांबवावं तर खलनायक राहतो. तो त्यांनी घाईघाईनं आटोपला. "दारू पाठवणारा सावकार. पाषाणहृदयी माणूस, पण अभंग कानावर पडला की ढसाढसा रडतो."

सगळी सभा व्यासपीठाकडं पाहू लागली. बाईंनी शेजारी पाहिलं. अध्यक्ष आण्णाप्पा जरीच्या रुमालाच्या टोकानं डोळे पुसत होते. सभेच्या आरंभी झालेल्या अभंगापासूनच पुसत होते. हरिभाऊंनी डोळे मिटून घेतले.

आभार मानायच्या आधीच नागोजी जमादार उठून उभे राहिले.

"बाई, एक इचारायचं हाय."

"हा पहिला दावा," हरिभाऊ पुटपुटले.

"विचारा ना," बाई म्हणाल्या.

जमादारांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "त्यो तुमचा मष्णू. कुत्र्याला भितो ते सगळ्या गावाला ठावं. मग त्येला ती राजाबाई व्हय म्हणती का?"

कुणी हसलं नाही. त्या दांडग्या माणसानं हे इतक्या अवघडून विचारलं होतं की बाईंना तयार उत्तर देववेना. उत्तर तयार होतं. शेवटच्या प्रकरणात प्रेमानं मष्णूची भीती पळून जाणार होती, तो एका पिसाळलेल्या कुत्र्याला काठीनं लोळवणार होता आणि राजाबाई धन्य होणार होती.

"मला अजून नक्की ठाऊक नाही," त्या म्हणाल्या.

"आगं बाई," बायकांतून मनुबाईचा आवाज आला, "त्येनं अजून इचारलं कुठं हाय तिला?"

टाळ्या इतक्या पडल्या की आभाराचं भाषण कुणालाच ऐकू आलं नाही.

परतीची मोटर उन्हं कलल्यावर सुटायची होती. आण्णाप्पांनी चहा-पोहे दिले आणि अड्ड्यापर्यंत पोचवायला जमादारांना सोबत दिलं. वाटेत हरिभाऊ दोनदा म्हणाले, "आमच्या मनात तसं काही नव्हतं बरं का," आणि दोन्ही वेळा जमादार म्हणाले, "न्हाय न्हाय."

मोटरअड्ड्यावर मनुबाईची गाडी उभी होती. मोटरीच्या टपावर चढवायची बोंद्री घेऊन ती आली होती. जमादार तिच्याकडं पाहत चालले होते, त्यामुळं चहाच्या हॉटेलाच्या बाकाखाली झोपलेलं पिवळं कुत्रं त्यांना दिसलं नाही. शेपटीवर पाय पडता पडता राहिला. कुत्रं वसकन अंगावर आलं.

पुढचं बाईंना नीट दिसलंच नाही. खाकी रंगाचं काहीतरी मोटरीच्या मागच्या शिडीवरून सरसर वर गेलं. त्यांनी मान वर केली तेव्हा नागोजी जमादार टपावर, आंब्यांच्या करंड्यांत उभे होते, आणि खाली कुत्रं मोटरीभोवती भुंकत फिरत होतं.

अड्डा गोळा झाला. मनुबाई कमरेवर हात ठेवून पुढं आली.

"उतरा खाली. माझंच कुत्रं हाय त्ये. काय करत न्हाय."

"आवो, कुत्रं माझं हाय," हॉटेलवाला म्हणाला. "आणि चावतंय!"

जमादारांनी खाली पाहिलं, लांब डोंगराकडं पाहिलं. मग त्यांनी शर्टाची गुंडी नीट लावली.

"आता वर आलोच हाय तर हितनंच इचारतो," ते म्हणाले. "मनुबाई, लई दिस मनात हाय. आमची मंडळी जाऊन किती वरसं झाली तुला ठावं हाय. माझ्यासंगं पाट लावशील का?"

बाईंनी नकळत हरिभाऊंचं मनगट धरलं. मनुबाईनं बैलाच्या पाठीवरनं हात फिरवला, शिंगाला बांधलेला गोंडा सारखा केला.

"न्हाय," ती म्हणाली.

पहिल्यांदा हॉटेलवाला हसला. मग हमाल हसले. आणि टपावरच्या जमादारांचा चेहरा असा काही उजळला, की बाईंनी तीन कादंबऱ्यांत मिळून एकाही नायकाचा तसा उजळवला नव्हता. "न्हाय म्हणाली!" ते करंड्यांतून ओरडले. "ऐकलासा न्हवं? न्हाय म्हणाली!"

पण बाई मनुबाईकडं पाहत होत्या. एवढ्या मोठ्या गोष्टीत गंमत चालत नाही, हे त्यांना माहीत होतं, आणि तिलाही माहीत असावं. ती चार पावलं पुढं झाली, कुत्र्याच्या मानेची कातडी घट्ट मुठीत धरली आणि ते तसंच पायाशी दाबून बसली.

"मी धरलंय," ती वर बघून म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "बेतानं उतरा. घाई करू नका."

जमादार एकेक पायरी चाचपत उतरले. खाली आल्यावरही ते कुत्र्यापासून दोन हात लांबच उभे राहिले. मनुबाईनं कुत्रं सोडलं नाही.

मोटर सुटली.

"दावा लावणार नाहीत बहुतेक," हरिभाऊ म्हणाले.

"माझा शेवट चुकलाय हो," बाई म्हणाल्या. "मी त्याची भीती घालवणार होते."

"मग?"

"ती कशाला घालवायची? धरणारं कुणी असलं म्हणजे झालं."

हरिभाऊंनी यावर विचार केला. त्यांना त्यात कायद्याची अडचण सापडली नाही.

प्रकाशक मात्र रुसले. शेवटच्या पानापर्यंत नायक कुत्र्याला भितो, हे मराठी वाचक खपवून घेणार नाहीत, असं त्यांनी कळवलं. बाई म्हणाल्या, छापायची तर अशीच छापा. दिवाळीला कादंबरी निघाली. पुण्यात ती बऱ्यापैकी चालली, पण निपाणीत मात्र वाचनालयाची प्रत हातोहात फिरून तिची पानं सुटली. वखारीत दुपारच्या सुट्टीत एकजण मोठ्यानं वाचायचा आणि बायका मधेच त्याला थांबवून राजाबाईचं खोटं पकडायच्या.

तुळशीचं लग्न झाल्यावर जमादारांनी आणि मनुबाईनं पाट लावला. बेळगावचं जोडपं मानाचं म्हणून बोलावलं होतं. आण्णाप्पांनी बाईंना बाजूला घेतलं, तेव्हा हरिभाऊ घाम पुसू लागले.

"बाई री, तुमचा सावकार आवडला," आण्णाप्पा कानडी वळणानं म्हणाले. "पण तो चुकीच्या ओळीला रडतो. मी सांगतो कुठं रडायचं ते." आणि सांगता सांगता ते स्वतःच रडले.

जेवणं झाली तशी बाईंभोवती माणसं जमली. दुसऱ्या कादंबरीत आपल्याला घ्या म्हणून. भरमू गाडीवान म्हणाला, "मी लग्नात उसनं धोतार नेसतो आणि परत देत न्हाय, चाललं का?" एकानं आपला तापटपणा सांगितला, एकानं आपली झोप. आजवर ज्या गोष्टी माणसं झाकून ठेवत होती, त्या ती हातात घेऊन रांगेत उभी होती. बाई प्रत्येकाचं ऐकत होत्या. नायकासारखा एकही नव्हता, आणि बाईंना एकाचाही कंटाळा येत नव्हता.

शेवटी काठी टेकत एक म्हातारी आली, जमादारांची चुलती, अक्काताई.

"तुमची काय खोट, अक्काताई?" बाईंनी विचारलं.

"माझी?" म्हातारीनं पदर सावरला आणि खाली बैठक मारली. "माझ्यात शोधून सापडायची न्हाय बग बाई. पर माझ्या दोन सुना हायत, त्यांच्या सांगते. येळ हाय न्हवं?"