माझ्या नावावरची पावलं

ती पट्टी माझ्या मनगटावर फक्त अकरा दिवस होती. पुढचे नऊ महिने ती माझ्या बायकोच्या मनगटावर होती आणि विमा कंपनीच्या दप्तरी मात्र सगळा वेळ माझ्याच. खरं तर सगळं पाप एवढ्यातच आलं. बाकीचं सांगतोय ते अशासाठी, की करत होतो तेव्हा मला ते पाप वाटलंच नव्हतं, गंमत वाटली होती.

मी घड्याळं दुरुस्त करतो. दुकान म्हणजे एक काउंटर, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग आणि एक खुर्ची. त्या खुर्चीत मी एकतीस वर्षं बसलोय. मला मधुमेह आहे असं कळलं, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून देण्याआधी रोज चालायला सांगितलं. मी हो म्हणालो. नुसतं हो म्हणायला चालावं लागत नाही.

आरोग्य विमा काढून दिला मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने. तो विम्याचा एजंट आहे. दोघांची मिळून एकच पॉलिसी, आणि माझ्या मधुमेहामुळे हप्ता जवळजवळ दीडपट. पण कंपनीची एक योजना होती. मनगटावर पट्टी बांधायची, रोज दहा हजार पावलं चालायची, की वाढीव हप्ता माफ. पट्टी पावलं मोजायची, नाडी मोजायची आणि माझा मोबाइल जवळ आला की सगळं त्यात उतरवायची. तिथून ते कंपनीकडे जायचं. स्वतःच्या तब्येतीची जबाबदारी स्वतः घेणाऱ्याला हे बक्षीस आहे, असं मेहुण्याने पाठ केल्यासारखं सांगितलं.

अकरा दिवसांत माझा उच्चांक दोन हजार नऊशे पावलांचा होता, आणि त्यातली निम्मी दुकानातल्या दुकानात हरवलेला स्क्रू शोधताना झालेली. बाराव्या दिवशी मेहुण्याचा फोन आला की असंच चाललं तर सवलत जाईल. बायको तेव्हा डबा भरत होती. ती पाण्याचे मीटर वाचायचं काम करते. या इमारतीतून त्या इमारतीत, दिवसभर जिने चढायचे, आकडे टिपायचे. मी तिच्या पायांकडे पाहिलं आणि मला ती अफलातून कल्पना सुचली. पट्टी मीच तिच्या मनगटावर बांधली. बाही खाली ओढून ती म्हणाली, "अहो, औषधंही मीच घेऊ का तुमची?" आम्ही दोघं हसलो.

त्या दिवशी मी साडेतेरा हजार पावलं चाललो. खुर्चीतून न उठता.

पुढे ते अंगवळणी पडलं. संध्याकाळी ती घरात शिरली की माझ्या मोबाइलवर टिंग वाजायचं आणि ती चप्पल काढता काढता विचारायची, "किती झाले तुमचे?" कंपनीने मला 'आदर्श सदस्य' असं लिहिलेली पाण्याची बाटली पाठवली. ती मी दुकानात दर्शनी भागात ठेवली. घड्याळाला चार-चार वर्षं तेल न घालता वापरणाऱ्या गिऱ्हाइकांना मी ती दाखवून सुनवायचो, की माणसाने आपल्या वस्तूची काळजी आपण घ्यावी. आयत्या बिळावरचा नागोबा असा फणा काढून प्रवचन देत होता.

चौथ्या की पाचव्या महिन्यात एका संध्याकाळी मोबाइलवर वेगळाच संदेश आला. 'तुमच्या हृदयाचे ठोके अनियमित आढळले आहेत. कृपया डॉक्टरांना भेटा.' मी छातीवर हात ठेवला. सगळं ठीक होतं. मी तिला म्हटलं, तुझ्या भावाची पट्टी वेडी झालीय, खुर्चीत बसलेल्या माणसाचे ठोके चुकवतेय. ती म्हणाली, तुमचं काळीज कधी जागेवर असतं? पुन्हा हसलो.

आता वाचणाऱ्याला वाटेल, इतका कसा हा मठ्ठ. पट्टी हिच्या हातावर, तर ठोके कुणाचे? पण एकतीस वर्षं मी एकच गोष्ट करत आलोय. घड्याळ आणि वेळ जुळत नसतील तर दोष घड्याळाचा, वेळेचा कधीच नाही. माणूस घड्याळ घेऊन येतो, मी ते उघडतो, दोष त्यातच सापडतो. माझ्या नावावरची पट्टी माझ्या छातीबद्दल चुकीचं सांगत होती, म्हणजे पट्टी बिघडलेली. पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी भिंग लावून बसलो, ती उघडली, आतला घाम स्पिरिटने पुसला, तिचा पट्टा दोन घरं आवळला. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. संदेश तरी येतच राहिले. सात झाल्यावर मी मोबाइलमध्ये जाऊन त्या सूचनाच बंद करून टाकल्या. हातासरशी केलेली दुरुस्ती होती ती, मला तिचा थोडा अभिमानही वाटला.

आणखी एक सांगायचं राहिलंय. ते टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

एकदा ती घरी आली ती थेट पलंगावर आडवी झाली. म्हणाली, आज चौथ्या मजल्यावर छातीत पाखरू अडकल्यासारखी फडफड झाली, जिन्यातच बसले थोडा वेळ. मी चहा पीत होतो. मोबाइल टिंग वाजला, मी पाहिलं. आठ हजार चारशे. मी म्हटलं, "अगं, अजून सोळाशे राहिलेत." मी काही ओरडलो नाही, दटावलं नाही, सहज म्हणालो. ती उठली आणि स्वयंपाकघर ते दरवाजा, दरवाजा ते स्वयंपाकघर अशी चालत राहिली. माझा चहा संपला तरी ती चालतच होती.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ती एका इमारतीच्या जिन्यात पडली. वॉचमनने ॲम्ब्युलन्स बोलावली म्हणून वेळेत पोचली. मेंदूत रक्ताची गुठळी गेली होती. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, जीव वाचला, पण उजवा हात, उजवा पाय आणि निम्मं तोंड लुळं पडलं. शब्द यायचे ते चिखलातून आल्यासारखे. नर्सने तिच्या वस्तू एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. चाव्या, कानातलं, पेन आणि ती पट्टी. पट्टी मी खिशात टाकली.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, मला काका म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. गुठळी आली कुठून, हे त्यांना कळत नव्हतं. हृदयाची लय मधूनमधून बिघडत असेल तर तिथे गुठळी होते आणि मेंदूत जाते. पण इथे आल्यापासून लावलेल्या यंत्रावर लय सरळ दिसत होती. लय बिघडते असं सिद्ध झालं तर रक्त पातळ ठेवायचं एक जोरकस औषध देता येतं. त्याने आत रक्तस्राव होण्याचाही धोका असतो, त्यामुळे पुराव्याशिवाय ते देत नाहीत. तोवर साधी गोळी. "काका, त्यांना आधी कधी धडधड, फडफड असं काही?" त्यांनी विचारलं.

त्या वाक्याबरोबर माझ्या डोक्यात ते सात संदेश एकदम उजेडात आले. मी म्हणालो, एकदा म्हणाली होती, फडफड झाली म्हणून. त्या म्हणाल्या, एकदा सांगितलेल्यावर भागत नाही, नोंद हवी. नोंद माझ्या खिशात होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे काखेतला कळसा मी जाणूनबुजून दाबून धरला होता.

कारण तासाभरापूर्वीच मेहुणा विमा कंपनीची मंजुरी घेऊन आला होता. रुग्णालयाचा सगळा खर्च कंपनी देणार होती. डॉक्टरीणबाई गेल्यावर मी त्याला कॉरिडॉरच्या टोकाला नेऊन खरं सांगितलं. तो खालीच बसला. तिथूनच म्हणाला,

"दाजी, हे बाहेर आलं तर पॉलिसी दोघांचीही रद्द. पहिल्या दिवसापासून. इथलं बिल तुम्ही कुठून भरणार? आणि माझा परवाना जाईल तो वेगळा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई बरी होतेय ना? मग गप्प राहा."

तो वाईट माणूस नाही. बहिणीसाठी दोन दिवस त्याने अन्नाला हात लावला नव्हता. आणि मलाही त्याचं म्हणणं पटलं, हे कबूल करतो. मी हिशेब मांडला की बिल भरलं गेलं तर पुढचे उपचार चांगले होतील, म्हणजे गप्प राहणं तिच्याच भल्याचं. स्वतःच्या भित्रेपणाला बायकोच्या भल्याचं नाव देण्याइतका मी हुशार आहे. दोन दिवस मी गप्प राहिलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई सांगून गेल्या की उद्यापरवा घरी सोडू, साधी गोळी चालू ठेवा, पुन्हा झटका येऊ नये अशी आशा करूया. मी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून होतो. ती डोळे मिटून पडली होती. बराच वेळ मी हललो नव्हतो, त्यामुळे खिशातली पट्टी थरथरली. खूप वेळ बसलात, उठा, चाला, असं सांगायची तिची ती रीत. मी सगळं दडपलं होतं, पण पट्टी बंद करायची राहून गेली होती.

बायकोने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलंही नाही. डाव्या हाताने चादर बाजूला केली, डावा पाय पलंगाखाली सोडला आणि उजवा ओढायला लागली.

मी तिला धरलं. म्हटलं, अगं, काय करतेस? ती माझ्या खिशाकडे बघत होती. नऊ महिने ती पट्टी थरथरली की ती उठत आली होती, भर उन्हात, जिन्यात, दमून आडवी झालेली असताना. आता अर्धं अंग चालत नव्हतं तरी ती उठत होती, माझा हप्ता वाढू नये म्हणून. "रा... राहिले," ती म्हणाली.

तिला नीट झोपवलं आणि मी डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडे गेलो. वाटेत मेहुणा दिसला. माझ्या हातातला मोबाइल पाहून त्याला कळलं. त्याने मला अडवलं नाही, फक्त भिंतीकडे तोंड केलं.

मी मोबाइल टेबलावर ठेवला आणि नोंदी उघडून दिल्या. बाई एकेक बघत खाली गेल्या. मी सूचना बंद केल्या होत्या, नोंदी बंद नव्हत्या झाल्या. सदतीस वेळा लय बिघडली होती. शेवटची ती पडली त्या सकाळची, अकरा वाजून चाळीस मिनिटांची.

"हे कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"नाव माझं आहे. हृदय तिचं."

मग मी सगळं सांगितलं, सोळाशे पावलांसकट. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "पाच महिने आधी आला असतात, तर त्या चालत घरी गेल्या असत्या, काका." मग त्यांनी केस-पेपर पुढे ओढला. म्हणाल्या, पट्टीच्या नोंदीवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, पण एवढ्या नोंदी असताना दुर्लक्षही करता येत नाही, हृदयाचं यंत्र आणखी काही दिवस ठेवू. आणि ही नोंद कुठून आली ते मला खरं लिहावं लागेल. मी लिहा म्हणालो. त्यानंतर चौथ्या दिवशी यंत्रावर लय बिघडलेली सापडली आणि ते दुसरं औषध सुरू झालं.

पुढचं जे व्हायचं ते झालं. कंपनीचं पत्र आलं, मंजुरी मागे घेतली, पॉलिसी रद्द. बिलासाठी दुकान विकलं. आता मी दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या खुर्चीत घड्याळं उघडतो. मेहुण्याच्या परवान्याची चौकशी चालू आहे. तो बहिणीला भेटायला येतो, मी घरी नसतो तेव्हा. रोज सकाळी मी तासभर चालतो. मोजत नाही. माझी साखर खाली आलीय, पहिल्यांदाच. ते डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं झालं.

गेल्या आठवड्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला पहिल्यांदा आधाराने उभं केलं. स्वयंपाकघर ते दरवाजा, तीच वाट. मी तिच्या उजव्या बगलेत हात घातला होता. ती दात आवळून चालत होती आणि मी मनातल्या मनात मोजत होतो, सवय. नऊ पावलांवर ती थांबली. मी खुर्ची पुढे ओढली, ती बसली, धापा टाकत राहिली.

"किती... झाले?" तिने विचारलं.

"नऊ."

तिने माझ्याकडे पाहिलं. शब्द जुळवायला तिला वेळ लागतो, मी थांबलो.

"लिहा," ती म्हणाली, "तुमच्या नावावर."

ती थट्टा करत होती की खरंच म्हणत होती, मला सांगता येत नाही. तिच्या तोंडाची उजवी बाजू अजून हलत नाही.